बरगड्या काढल्यावर श्वास कसा चालतो?

छातीच्या भिंतीत गाठ निघाली आहे, ती बरगडीतूनच वाढली आहे आणि आता तीन-चार बरगड्यांचे तुकडे काढावे लागतील, असं सर्जनने सांगितलं की घरच्यांकडून हमखास एक प्रश्न येतो : ‘‘बरगड्याच काढल्या तर माणूस श्वास कसा घेणार?’’ पाठोपाठ दुसरा : ‘‘मग त्या जागी भोक राहणार का?’’

प्रश्न भाबडे वाटतात, पण वर्मावर बोट ठेवणारे आहेत. सर्जन मंडळींनाही याच दोन प्रश्नांनी कित्येक दशकं छळलं. गाठ कापून काढणं त्यांना बऱ्यापैकी लवकर जमू लागलं होतं. अडत होतं ते पुढे, उघड्या पडलेल्या खिंडारापाशी. खिंडार बुजवता येणार नाही हे आधीच ठाऊक असलं की हात आखडता घेतला जायचा, गाठीभोवतीचा भाग कमी काढला जायचा आणि गाठ परत यायची. त्यामुळे या शस्त्रक्रियेची गोष्ट सुरीपासून सांगण्यापेक्षा टाक्यांपासून सांगितलेली बरी. बुजवणं जसजसं सुधारलं, तसतसं कापण्याचं धाडस वाढत गेलं.

1. हलणारी भिंत

बरगड्यांच्या 12 जोड्या, समोर छातीचं मधलं हाड (उरोस्थी), मागे पाठीचे मणके, बरगड्यांच्या फटींत ताणलेले स्नायू, वरून मोठे स्नायू आणि कातडी, आतून एक तलम अस्तर. हे सगळं मिळून छातीची भिंत होते. हृदय-फुफ्फुसांना मार लागू न देणं हे तिचं उघड दिसणारं काम. दुसरं काम अधिक महत्त्वाचं, ते म्हणजे हलण्याचं.

लोहाराचा भाता डोळ्यांपुढे आणावा. फळ्या दूर गेल्या की आतली जागा वाढते आणि हवा आपोआप आत येते. छातीतही फुफ्फुस स्वतः फुगत नाही. खालचा श्वासपटलाचा स्नायू खाली सरकतो, बरगड्या वर-बाहेर उचलल्या जातात, पोकळी मोठी होते आणि फुफ्फुस तिच्यामागे ओढलं जातं. फुफ्फुस आणि भिंत यांच्यामधल्या फटीत बाहेरच्या हवेपेक्षा किंचित कमी दाब असतो. शांत बसलेलं असताना पाण्याच्या सुमारे 5 सेंटिमीटर उंचीइतका. एवढ्याशा फरकावर फुफ्फुस भिंतीला धरून राहतं. एका साध्या श्वासात साधारण अर्धा लिटर हवा आत-बाहेर होते. मिनिटाला 14 श्वास धरले तर दिवसाचे वीस हजारांवर.

आता या भात्यात दोन प्रकारे बिघाड होऊ शकतो. चामड्याला भोक पडलं तर हवा नळीतून न येता भोकातून शिरते. छाती उघडली की नेमकं हेच होतं आणि फुफ्फुस मिटतं. दुसरा बिघाड जास्त फसवा. भोक नाही, सगळं हवाबंद आहे, पण एका बाजूची फळी जाऊन तिथे नुसतं मऊ चामडं उरलंय. भाता उघडताना ते चामडं आत ओढलं जाणार, मिटताना बाहेर फुगणार, आणि ओतलेला जोर वाया जाणार. बरगड्या काढून वर फक्त कातडी शिवली तर छातीचा तो भाग असाच उलटा हलतो. माणूस दमतो, खोकल्यात जोर राहत नाही, कफ साठतो आणि न्यूमोनिया गाठतो.

म्हणजे नवी भिंत हवाबंद हवी, घट्ट हवी आणि तरीही हलती हवी.

2. गाठ कुठली?

छातीच्या भिंतीत निघालेली प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते. हाडाच्या आणि कूर्चेच्या साध्या गाठी असतात. डेस्मॉइड नावाची एक चमत्कारिक गाठ असते, जी शरीरात दुसरीकडे पसरत नाही पण आजूबाजूला मुळं सोडत जाते. कॅन्सरच्या गाठींपैकी अनेक पाहुण्या असतात : स्तनाच्या किंवा फुफ्फुसाच्या कॅन्सरने भिंतीत शिरकाव केलेला असतो, नाहीतर दूरच्या अवयवातून पेशी आलेल्या असतात.

भिंतीतच जन्मलेले कॅन्सर तसे विरळ. मोठ्यांमध्ये बरगड्या-उरोस्थीच्या हाडांत सर्वाधिक आढळतो तो कूर्चेचा कॅन्सर, कॉन्ड्रोसार्कोमा. बहुधा समोरच्या बाजूला, जिथे बरगडी कूर्चेला मिळते तिथे तो वाढतो. त्याचा स्वभाव हटवादी. केमोथेरपीला तो सहसा दाद देत नाही, नेहमीच्या रेडिएशनलाही फारशी नाही. म्हणून पहिल्याच शस्त्रक्रियेत तो पुरता निघायला हवा. मुलं आणि तरुणांमध्ये दिसतो तो युइंग सार्कोमा, जेम्स युइंग यांनी 1921 मध्ये वर्णन केलेला. त्याचं उलटं : केमोथेरपीने तो पुष्कळदा झपाट्याने आक्रसतो, म्हणून आधी औषधं आणि मग शस्त्रक्रिया.

3. आधी तुकडा, मग सुरी

दोन गाठी बाहेरून सारख्या दिसल्या तरी त्यांची वाट अशी वेगळी असते. म्हणून आधी जाड सुईने गाठीचा बारीक तुकडा काढून तपासतात, म्हणजेच बायॉप्सी. ‘‘सुई लावली की कॅन्सर पसरतो’’ ही समजूत आपल्याकडे घट्ट रुजलेली आहे आणि तिच्यापायी भलतंच घडतं. ‘‘चरबीची गाठ आहे, दहा मिनिटांचं काम’’ म्हणून गाठ वरवर खरवडून काढली जाते, आणि पंधरा दिवसांनी रिपोर्टमध्ये सार्कोमा हा शब्द येतो. अशा वेळी गाठीच्या पेशी जखमेत सर्वत्र लागलेल्या असू शकतात. पुढच्या सर्जनला तो जुना व्रण, त्याखालची सगळी जागा आणि नळी घातली असेल तर तिचं छिद्रसुद्धा काढावं लागतं.

सुईच्या मार्गाची काळजी सर्जन घेतातच. नंतर जो भाग काढायचा आहे त्यातूनच सुई घालतात, म्हणजे तो मार्गही गाठीबरोबर जातो. सार्कोमाची शंका असेल तर पहिली सुईसुद्धा शेवटची शस्त्रक्रिया करणाऱ्या चमूच्या सल्ल्याने टोचलेली बरी.

4. लिंबाएवढ्या गाठीला केवढं भोक?

गाठीच्या कडेला लागून कापलं तर डोळ्याला न दिसणाऱ्या पेशी मागे राहतात. म्हणून चहूबाजूंनी निरोगी भागाची किनार घेऊन गाठ एकसंध काढतात. तिला सुरी लागूच द्यायची नाही. किनार किती? अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या सर्जननी 1986 मध्ये आपल्या रुग्णांचा हिशेब मांडला. ज्यांच्या गाठीभोवती 4 सेंटिमीटर किनार मिळाली होती, त्यांच्यातले 56 टक्के पाच वर्षांनंतर रोगमुक्त होते. 2 सेंटिमीटर किनार असलेल्यांत हे प्रमाण 29 टक्के. आज गाठ किती आक्रमक आहे ते पाहून हे अंतर कमी-जास्त करतात, पण त्या आकड्यांनी ‘थोडंसं जास्त’ काढण्याची किंमत दाखवून दिली.

समजा, लिंबाएवढी, 4 सेंटिमीटर व्यासाची गाठ आहे. दोन्ही बाजूंना 4-4 सेंटिमीटर किनार धरली तर भोक 12 सेंटिमीटरचं. व्यास तिप्पट, पण क्षेत्रफळ नऊपट : सुमारे साडेबारा चौरस सेंटिमीटरची गाठ आणि 113 चौरस सेंटिमीटरचं खिंडार. एक बरगडी आणि तिच्या खालची फट मिळून तीन-साडेतीन सेंटिमीटर धरली, तर उभ्या 12 सेंटिमीटरमध्ये तीन-चार बरगड्या येतात. ‘‘एवढ्याशा गाठीला चार बरगड्या?’’ या प्रश्नाचं उत्तर या गुणाकारात आहे. गाठ फुफ्फुसाला किंवा श्वासपटलाला चिकटलेली असेल तर त्याचाही तेवढा भाग सोबत जातो.

मोठ्या रुग्णालयांत अशा शस्त्रक्रियेला बहुधा दोन चमू असतात, एक काढणारा आणि एक बुजवणारा प्लास्टिक सर्जनचा. बेत दोघांनी मिळून आखायचा; मात्र प्रत्यक्ष कापताना पहिल्याने दुसऱ्याची दया करायची नसते. बुजवणं सोपं जावं म्हणून सोडलेला एक सेंटिमीटर रुग्णाला फार महागात पडू शकतो.

5. छाती उघडण्याची भीती

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत पोट उघडण्याला सर्जन सरावले होते, पण छातीजवळ बिचकत. अस्तर फाटलं की हवा आत शिरायची, फुफ्फुस मिटायचं आणि टेबलावरचा रुग्ण निळा पडायचा.

न्यू ऑर्लिन्सचे एफ. डब्ल्यू. पारहम हे छातीच्या हाडांतल्या गाठींवर शस्त्रक्रिया करणारे धाडसी गृहस्थ. तिथलेच सर्जन रुडॉल्फ मातास यांच्या सूचनेवरून त्यांनी 1898 मध्ये फेल-ओड्वायर नावाचं साधन वापरलं. स्वरयंत्रात बसवायची एक नळी आणि तिला जोडलेला पायाने दाबायचा खराखुरा भाता! छाती उघडी असताना बाहेरून हवा भरत राहायची, म्हणजे फुफ्फुस मिटणार नाही. आजचा व्हेंटिलेटर तत्त्वतः हेच करतो.

युरोपने मात्र आधी भलताच रस्ता धरला. 1904 मध्ये ब्रेस्लाउ इथे (आजचं पोलंडमधलं व्रोत्सवाफ) फर्डिनांड झाउअरब्रुख यांनी हवेचा दाब कमी केलेली एक बंदिस्त खोलीच बनवली. सर्जन, मदतनीस आणि रुग्णाचं धड खोलीत. रुग्णाचं डोकं तेवढं बाहेर, मानेभोवती रबरी पट्टी. खोलीतला दाब कमी, त्यामुळे छाती उघडली तरी फुफ्फुस फुगलेलं राहायचं. कल्पना बिनचूक होती, पण अवजड आणि गैरसोयीची. पुढच्या काही दशकांत श्वासनळीत नळी घालून हवा भरण्याची साधी रीत जिंकली. आता भूलतज्ज्ञ दोन मार्गांची नळी घालून एकच फुफ्फुस चालू ठेवतात आणि शस्त्रक्रियेच्या बाजूचं मुद्दाम मिटवून सर्जनला जागा करून देतात.

6. भोक बुजवायलाच हवं का?

नेहमी नाही. क्षयावर औषधं नव्हती तेव्हा थोराकोप्लास्टी नावाची शस्त्रक्रिया सर्रास होत असे. रोगट फुफ्फुस दबून विसावावं म्हणून बऱ्याच बरगड्या टप्प्याटप्प्याने काढून टाकत. माणसं वाकडी झाली, पण त्यातली पुष्कळ जगली. छाती बऱ्याच बरगड्यांवाचून चालू शकते, हा धडा त्यातून मिळाला.

आता ढोबळ नियम असा. भोक 5 सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर वरचे स्नायू पुरेसे होतात. पाठीमागे वरच्या बाजूला असेल तर 10 सेंटिमीटरपर्यंतही चालतं, कारण खवाटा त्यावर झाकणासारखा बसतो. यात एक मेख आहे. भोक खवाट्याच्या खालच्या टोकापाशी आलं तर हात हलवताना ते टोक भोकात अडकतं आणि जीवघेणी कळ येते. तिथे लहान भोकही बुजवतात, नाहीतर खवाट्याचं टोक छाटतात. समोरच्या आणि कुशीच्या मोठ्या भोकांना मात्र आधार लागतोच, आणि उरोस्थी गेली तर हमखास.

7. जाळी, सिमेंट, टायटॅनियम

आधाराची सर्वांत साधी वस्तू म्हणजे पॉलिप्रॉपिलीनची जाळी, हर्नियाच्या शस्त्रक्रियेत वापरतात त्याच जातीची. छातीसाठी ती 1960 च्या सुमारास आली. चारी बाजूंच्या बरगड्यांना ती ताणून शिवतात. तिच्या छिद्रांतून शरीराचे तंतू वाढतात आणि ती अंगात मुरते. दुसरी वस्तू पीटीएफई, म्हणजे गोअर-टेक्सचा पत्रा. त्यातून पाणी झिरपत नाही. फुफ्फुसाचा भाग काढलेला असेल तर आतलं पाणी बाहेरच्या जखमेत उतरू नये म्हणून तो बरा.

ताणली तरी जाळी ती जाळीच, मोठ्या भोकावर ती आत-बाहेर होणार. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन-केटरिंग रुग्णालयातल्या पॅट्रिशिया मॅकॉर्मॅक आणि सहकाऱ्यांनी 1981 मध्ये छापलेली युक्ती त्यामुळेच जगभर रूढ झाली. खुब्याचा सांधा बदलताना लागणारं बोन सिमेंट घ्यायचं. पावडर आणि द्रव कालवला की उग्र वासाचा मऊ गोळा होतो. तो जाळीच्या दोन थरांमध्ये भोकाच्या आकाराएवढा पसरायचा, कडेला टाक्यांसाठी मोकळी जाळी ठेवायची आणि घट्ट होण्याआधी त्याला बरगड्यांचा बाक द्यायचा. हे काम रुग्णाच्या छातीवर न करता बाजूच्या टेबलावर करतात, कारण घट्ट होताना सिमेंट चांगलंच तापतं. काही मिनिटांत त्याची ढालीसारखी टणक पाटी होते आणि मग ती जागेवर शिवतात. स्वस्त, हुकमी, कुठल्याही आकाराची. दोष दोन : ती लवत नाही, आणि जंतुसंसर्ग झाला तर बहुधा काढावीच लागते.

टायटॅनियमच्या पट्ट्या लवचीक असतात. उरलेल्या बरगडीच्या दोन टोकांना स्क्रूने किंवा चापाने त्या जोडल्या की नवी बरगडी जुन्यासारखीच उचलली जाते. टायटॅनियम चुंबकाला खेचलं जात नाही, त्यामुळे पुढे एमआरआय करता येतो. पण दिवसाला वीस हजार म्हणजे वर्षाला सत्तर लाखांहून अधिक वेळा लवल्यावर काही पट्ट्या तुटतात. शरीराचं हाड भार सोसत स्वतःला सांधत राहतं, ते धातूला जमत नाही.

2015 मध्ये स्पेनमधल्या सालामांकाच्या रुग्णालयात सार्कोमा झालेल्या 54 वर्षांच्या एका रुग्णाची उरोस्थी आणि तिला लागून असलेल्या काही बरगड्यांचा भाग काढायचा होता. सपाट पट्ट्या तिथल्या गुंतागुंतीच्या वळणांवर नीट बसत नाहीत आणि कालांतराने सैल होतात. सर्जननी त्याचे सीटी स्कॅन मेलबर्नच्या अ‍ॅनाटॉमिक्स कंपनीला पाठवले. कंपनीने ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेत टायटॅनियमची पूड इलेक्ट्रॉनच्या झोताने थरावर थर वितळवत त्याच्याच मापाची उरोस्थी छापून घेतली. मधे टणक गाभा, बाजूंना बरगड्यांच्या जागी लवणाऱ्या सळया. शस्त्रक्रियेनंतर 12 दिवसांनी रुग्ण घरी गेला. नवलाची गोष्ट खरी, पण सरसकट वापरायची नाही. असा भाग बनवायला वेळ आणि पैसा लागतो, आणि टेबलावर ऐन वेळी गाठ मोठी निघाली तर आधी छापलेलं माप चुकतं.

8. जिवंत पांघरूण

जाळी असो की टायटॅनियम, ते उघडं ठेवता येत नाही. त्यावर रक्तपुरवठा असलेलं जिवंत मांस हवं, नाहीतर जंतू तिथे ठाण मांडतात. गाठीबरोबर स्नायू आणि कातडी गेलेली असेल तर हे पांघरूण दुसरीकडून आणावं लागतं. मूळ रक्तवाहिनी न तोडता मांस-कातडीचा तुकडा वळवून आणायचा, याला फ्लॅप म्हणतात.

या तत्त्वाचा एक गाजलेला दाखला पुण्याचा आहे. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणाऱ्या कावसजी नावाच्या माणसाचं नाक म्हैसूरच्या लढाईत टिपूच्या लोकांनी कापलं. पुण्याजवळच्या एका विटा करणाऱ्या जातीतल्या कारागिराने कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवं नाक बसवलं. दोन भुवयांमधला कातडीचा देठ त्याने तसाच ठेवला आणि सुमारे 25 दिवसांनी, नवं नाक जागेवर रुजल्यावर तोडला. 1794 च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये हा वृत्तान्त चित्रासह छापून आला आणि युरोपातले सर्जन या पद्धतीच्या मागे लागले.

छातीसाठी कपाळाच्या कातडीचा काय उपयोग! तिथे पाठीवरचा रुंद स्नायू कामाला येतो, लॅटिसिमस डॉर्सी. त्याची रक्तवाहिनी काखेतून येते. म्हणून कमरेकडची त्याची कड सोडवून, काखेतला देठ जपत, कातडीखालच्या बोगद्यातून तो समोर आणता येतो. इटलीतल्या पाव्हियाच्या इजिनिओ तान्सिनी यांनी 1906 मध्ये स्तन काढल्यानंतरच्या जखमेवर तो कातडीसकट वापरला होता. पण तेव्हा स्तनाच्या शस्त्रक्रियेत अमेरिकन सर्जन विल्यम हाल्स्टेड यांचा शब्द प्रमाण. जखमेवर असं मांस आणून झाकणं त्यांना पसंत नव्हतं. तान्सिनींची पद्धत अडगळीत गेली ती 1970 च्या दशकापर्यंत. एका मोठ्या माणसाच्या नापसंतीने साठ-सत्तर वर्षं वाया गेली असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही. मेयो क्लिनिकच्या अर्नोल्ड आणि पेरोलेरो या जोडीने 1996 पर्यंत सलग 500 रुग्णांचा अनुभव छापला, तोवर स्नायूंचे फ्लॅप हा नित्याचा भाग झाला होता.

उरोस्थीपाशी छातीचा पेक्टोरॅलिस स्नायू सरकवतात. खालच्या भोकाला पोटाचा उभा स्नायू वर वळवतात. रेडिएशनने करपलेल्या किंवा पू झालेल्या जागी पोटातली ओमेंटम ही चरबीची झालर वर ओढून आणतात; तिला रक्त भरपूर असतं आणि ती वाकड्यातिकड्या पोकळीतही भरते. बदल्यात काही द्यावं लागतंच. पाठीचा स्नायू गेला की रोजची कामं होतात, पण दोरीला धरून अंग वर खेचणं किंवा कुबड्यांवर भार घेणं जड जातं.

9. तीन चेंडूंचं यंत्र

शस्त्रक्रियेनंतर छातीत एक नळी असते. तिचं दुसरं टोक बाटलीतल्या पाण्यात बुडलेलं. आतली हवा आणि रक्तमिश्रित पाणी बाहेर पडतं, बाहेरची हवा आत शिरत नाही. खोकल्यावर बुडबुडे दिसले की नातेवाईक घाबरतात. ती हवा बाहेर पडत असते.

खरी कसोटी दुखण्याची. दुखतं म्हणून रुग्ण उथळ श्वास घेतो, खोकला दाबतो आणि कफ साठतो. म्हणून पाठीतल्या बारीक नळीतून वेदनाशामक देतात. मग फिजिओथेरपिस्ट हातात देतो तीन रंगीत चेंडूंचं प्लास्टिकचं यंत्र. बहुतेक जण पहिल्या दिवशी त्यात फुंकर मारतात! फुंकायचं नसतं, हवा आत ओढायची असते. पहिला चेंडू उचलायला सेकंदाला 600 मिलिलिटर, दुसऱ्याला 900 आणि तिसऱ्याला 1200 एवढ्या वेगाने. उशी छातीशी घट्ट धरून खोकायलाही शिकवतात.

10. वाढत्या वयाची छाती

मोठ्यांसाठी जमलेली गणितं मुलांमध्ये बिघडतात. युइंग सार्कोमासाठी सात-आठ वर्षांच्या मुलाच्या तीन बरगड्या काढल्या आणि तिथे टणक पाटी बसवली, तर मूल वाढतं आणि पाटी तेवढीच राहते. छातीची ती बाजू खुंटते, मणक्याला बाक येतो. बरगड्या मणक्याजवळून काढल्या असतील तर हा धोका आणखी. म्हणून शक्य तिथे मुलांमध्ये जाळीवर किंवा नुसत्या स्नायूवर भागवतात आणि त्यांच्या पाठीचे एक्स-रे वाढ पुरी होईपर्यंत काढत राहतात.

टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोचे रॉबर्ट कँपबेल यांनी जन्मतःच छाती आक्रसलेल्या बाळांसाठी लांबवता येणारी टायटॅनियमची बरगडी तयार केली होती. अमेरिकेत तिला 2004 मध्ये सरकारी मान्यता मिळाली. गाठ काढलेल्या काही मुलांसाठीही ती कामी येते. एक टोक वरच्या बरगडीला, दुसरं खालच्या बरगडीला किंवा मणक्याला अडकवतात आणि साधारण दर सहा महिन्यांनी लहानसा छेद घेऊन तिची लांबी मुलाच्या उंचीबरोबर वाढवत नेतात.